सोजराबाईचं दवामीठ

सोजराबाई माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. मी तिला मोठी माय म्हणत असे. तिच्याबद्दल इथं लिहिते आहे त्यातलं काही मी स्वतः पाहिलं, बाकीचं माझ्या आईनं, मंजुळाबाईनं, सांगितलं. आई फारशी बोलणारी नव्हती, पण मोठ्या मायचा विषय निघाला की हातातलं काम बाजूला ठेवून बोलायची.

आमचं खैरपाणी वऱ्हाडातल्या जळगाव तालुक्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि कारभार नागपुरातून चाले. खाली पूर्णेकाठच्या गावांत विहिरींचं पाणी खारट, इतकं की त्यात डाळ शिजायची नाही. आमच्याकडे डोंगरातून येणारं पाणी गोड. त्यामुळे खालचे लोक आमच्या गावात पोरी द्यायला राजी असत. आईची सोयरीक ठरवायला तिचा बाप आला तेव्हा त्यानं आधी ओढ्याचं पाणी ओंजळीनं पिऊन पाहिलं, मग घरात आला. "पोरगी सुखात राहीन," एवढंच म्हणाला आणि होकार दिला.

त्याच गावात दर दुसऱ्या घरात एखाद्या बाईचा गळा सुजलेला असे. कुणाची गाठ लिंबाएवढी, कुणाची भरताच्या वांग्याएवढी. त्याचं कुणाला नवल नव्हतं. काळी पोत ओवून देणारा पटवेकरी आमच्या गावच्या बायकांसाठी दोरा चार बोटं जास्तच ठेवायचा. काही घरांत न ऐकणारी, न बोलणारी लेकरं होती. सात वर्षांचं झालं तरी तीन वर्षांचं वाटे. अशा लेकरांना गावात 'गरीब' म्हणत. गळ्याचा आणि या लेकरांचा काही संबंध असेल हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आईचा गळा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सुजायला लागला तेव्हा बायका म्हणाल्या, "आता खरी खैरपाण्याची झाली."

आम्ही जातीनं माळी. मोठा बाप कडूबा वांगी-मिरच्या गाडीत भरून नांदुऱ्याला न्यायचा आणि येताना स्टेशनावरून मिठाची पोती आणायचा. मुंबईकडचं समुद्राचं मीठ आगगाडीनं नांदुऱ्याला उतरे. ते डोंगराखालच्या सहा-सात गावांत जवारीच्या बदल्यात द्यायचं, असा त्याचा धंदा. तो पटकीनं गेला तेव्हा त्याची एकुलती एक मुलगी कोकिळा तीन वर्षांची होती आणि अजून उभी राहत नव्हती. वर्ष सरल्यावर सोजराबाईनं गाडी स्वतः जुंपली. गावात कुजबुज झाली. माझी आजी अन्नपूर्णाबाई तेव्हा म्हणाली, "बैलाहिले रस्ता मालूम हाये. तिले फक्त बसाच लागते." त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

सोजराबाई उंच, हाडापेरानं मजबूत. तिचा स्वतःचा गळाही चांगलाच सुजलेला होता. कोकिळेला ती गाडीत पोत्यांवर बसवून बरोबर न्यायची. कोकिळा गुणी पोर होती. जन्मली तेव्हाही फार रडली नव्हती, दिवसभर झोपून राहायची. पहिलटकरणीला असं शांत लेकरू मिळालं म्हणून बायकांनी सोजराबाईचं कौतुक केलं होतं. ते कौतुक तिला पुढं आयुष्यभर बोचलं.

सदतीस सालच्या हिवाळ्यात फिरता दवाखाना आमच्या गावी आला आणि त्याचे डॉक्टर वामनराव चिंचेखाली टेबल मांडून बसले. सोजराबाई तिथंच गाडी सोडून मीठ मापत होती. कोकिळा सुपात मीठ घेऊन त्यातले खडे-माती वेचत होती. तेवढं एक काम तिला येत असे. डॉक्टरांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठून तिच्या मागं गेले आणि दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली. बैल दचकले. कोकिळा खडे वेचत राहिली.

"बाई, ही मुलगी किती वर्षांची?"

"नवं लागलं."

डॉक्टरांनी सोजराबाईचा गळा पाहिला. मग इतर बायकांचे गळे पाहिले. गावात अशी आणखी किती मुलं आहेत ते विचारलं. ती बोटं मोजून सांगत गेली, अकरा झाली. प्रत्येकाच्या आईचा गळा कसा आहे हेही त्यांनी विचारलं, आणि उत्तर देता देता तिचा आवाज हळू झाला. आईला ती पुढं सांगायची, "मी सांगून राह्यली होती आन् मलेच आयकू येऊन राह्यलं होतं, का सगळ्याहिचाच गळा मोठा हाये."

डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. माणसाच्या अंगाला एक पदार्थ लागतो, अगदी कणभर. तो मातीत असतो, मातीतून पाण्यात आणि पिकात येतो. डोंगराच्या उतारावरची माती हजारो वर्षांच्या पावसानं धुऊन निघते, तिच्यात तो उरत नाही. तो मिळाला नाही की गळ्यातली गाठ मोठी होते. बाई गरोदर असताना आणि लेकरू अंगावर पीत असताना तो लेकराला आईकडूनच मिळायचा असतो. आईच्याच अंगात नसेल तर दुधात कुठून येणार?

"मी बाळंतपणात चाळीस रोज अळणी खाल्लं," ती म्हणाली. "आमच्यात तसंच खातेत. त्याच्यानं झालं का?"

"नाही. मीठ खाल्लं असतंत तरी काही फरक पडला नसता. तुम्ही विकता त्या मिठातही तो नाही."

ती समुद्राचं मीठ विकते याचा तिला अभिमान होता. तिनं पोत्यात हात घातला, मूठभर मीठ काढून पाहिलं, परत टाकलं. मग विचारलं, "आता देल्लं तर हिले आयकू येईन?"

"ऐकू येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "थोडी हुशारी येईल कदाचित. पण तिची वेळ निघून गेली बाई. पुढच्या लेकरांचं पाहता येईल."

आई म्हणायची, दुसऱ्या दिवशी सकाळी सोजराबाई दवाखान्याचा तंबू उठायच्या आत डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिली. पुढच्या लेकरांचं काय करायचं ते सांगा, म्हणाली.

डॉक्टरांकडं त्या पदार्थाची एक पांढरी पूड होती, पोटॅश आयोडाइड. ती पाण्यात विरघळवून तपकिरी बाटलीत भरायची. पायलीभर मिठाला त्यातलं एक चमचा पाणी थोडंथोडं शिंपडायचं, हातानं सारखं करायचं, सावलीत वाळवायचं आणि चिनी मातीच्या बरणीत झाकून ठेवायचं. जास्त घालायचं नाही. जास्तीनं छाती धडधडते, अपाय होतो. त्यांनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. शेवटी म्हणाले, "सगळ्याच मिठात कालवून टाका. कुणाला सांगायची गरज नाही. सांगाल तर घेणार नाहीत, आणि चांगलं काम अडून राहील."

"हे मले नाई जमाचं," सोजराबाई म्हणाली.

"का?"

"लोक माह्याकडून मीठ नेतेत, डाक्टरसाहेब. दुसरं काई नेऊन नाई राह्यले. त्याच्यात मी काई टाकलं तर सांगाच लागीन. नाई घेतलं तर नाई घेतलं."

डॉक्टर तेव्हा हसले, असं ती सांगायची. पुढं तीनेक वर्षांनी बदली होऊन जाताना म्हणाले की तुमचं बरोबर होतं की माझं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही सांगितलं नसतंत तर पहिल्याच वर्षी आणखी काही लेकरं वाचली असती. तिनं ते ऐकून घेतलं. तिलाही ते कधी ठरवता आलं नाही, असं मला वाटतं.

गाडीत आता दोन टोपल्या असत. एकीत साधं मीठ, दुसरीत दवामीठ. हे नाव बायकांनीच पाडलं. दोन्हींचं माप एकच, बदल्यात जवारी तेवढीच. ती दारोदार सांगत फिरायची की यात डॉक्टरानं दिलेली दवा आहे, पोटुशीनं आणि पाजणाऱ्या बाईनं खावी. बायका ऐकायच्या आणि साध्या मिठाच्या टोपलीकडे बोट दाखवायच्या. उकंडराव पाटलांनी तिला चावडीपाशी थांबवून विचारलं, "सोजरे, तुया गळा तर तसाच हाये. मंग ही दवा कायची?"

"माहा जुना झाला, पाटील. डाक्टरानं सांगतलंच होतं का बसणार नाई."

"मंग खातं काऊन?"

"मी खाल्ल्याबिगर दुसरीले काय सांगू?"

कुणी म्हणे, सरकारला लोकांची मुलं कमी करायची आहेत. कुणी म्हणे, मिठावरून एवढी चळवळ झाली, आता सरकार मिठातूनच सूड घेणार. पहिल्या वर्षी सहा गावांत मिळून चार घरांनी दवामीठ घेतलं.

त्यातलं एक आमचं, पण तेही सहजासहजी नाही. आईला दिवस गेले होते, माझ्या वेळचे. आईचं आधीचं लेकरू पोटातच गेलेलं. सोजराबाईनं बरणी आणून चुलीजवळ ठेवली तेव्हा आजीनं ती उचलून बाहेर ओट्यावर नेली.

"दूध खराब होईन," आजी म्हणाली. "मायच्या दुधात दवा उतरली तर लेकराचं काय?"

"उतरावीच लागते, आत्याबाई. त्याच्यासाठीच तर हाये."

"तुयी पोरगी तशी झाली म्हनून तू सगळ्याहिच्या चुलीत हात घालतं का?"

सोजराबाई बाहेर गेली. ओट्यावर बरणीशेजारी बसली. आपल्या आणि कोकिळेच्या भाकरीवर ते मीठ घेऊन जेवली. रोज दुपारी तिथंच बसून जेवायची, आजीला दिसेल अशी. दोन महिने गेले. मग एके दिवशी आजीनं स्वतःच बरणी आत नेली. काय झालं, कशानं मन बदललं, हे तिनं कधी सांगितलं नाही. आईचा अंदाज असा की त्या दोन महिन्यांत कोकिळेच्या अंगाची खरखरीत कातडी मऊ व्हायला लागली होती, आणि तिला न्हाऊ घालणारे हात आजीचेच होते.

मी पावसाळ्यात जन्मले. इतकी रडले की शेजारचे वैतागले. सोजराबाई रोज पाळण्याशी यायची, बघायची आणि जायची. टाळी वाजवून बघायचं धाडस तिला चार महिने झालं नाही. शेवटी आईच म्हणाली, "जाऊबाई, पाहून टाका एकडाव." आईनं मला मांडीवर बसवलं. सोजराबाई माझ्या मागं गेली. बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून आईनं वळून पाहिलं तर ती हात नुसते धरून उभी होती. मग तिनं टाळी वाजवली. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती खाली बसली आणि तिनं तोंडाला पदर लावला. दारात कोकिळा उभी होती. ती आमच्याकडे पाहून हसत होती, कारण आई हसत होती.

या एका लेकरानं काही सिद्ध होत नाही हे मला आज कळतं. दवामीठ न घेणाऱ्या घरांतही ऐकणारी लेकरं जन्मत होतीच. पण गावानं पाहिलं, आणि पुढच्या वर्षी चारांची तीस घरं झाली.

पुष्पाबाई नावाची बाई त्या तिसांपैकी. नियमानं दवामीठ नेणारी. तिचा मुलगा पाच महिन्यांचा झाला तरी झोपाळू, टाळीला वळेना. तिनं सोजराबाईला दारात गाठून विचारलं, "मी काय कमी केलं?"  सोजराबाई पुष्पाबाईच्या घरात गेली आणि चुलीपाशी बसून तिचा स्वयंपाक पाहत राहिली. पुष्पाबाईनं वाटीत मीठ घेतलं, पाणी घालून ढवळलं, वरचं गढूळ पाणी ओतून दिलं आणि खालचे खडे भाजीत टाकले.

"असं काऊन केलं?"

"माती असते मिठात. माही माय असंच धुवे."

पांढरी पूड मिठाच्या खड्यांच्या आत शिरत नाही, वरच बसते, हे सोजराबाईला माहीत होतं. पहिल्या पाण्याबरोबर ती सगळी वाहून जात होती. घरोघरी बायका मीठ धुतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं, दवामीठ सुरू होईपर्यंत तीही धूतच आली होती. बाकीच्या बाया दवामीठही धुतील हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"चूक तुयी नाई," ती पुष्पाबाईला म्हणाली. "घान मीठ मी इकलं."

पुष्पाबाईनं वाटी खाली ठेवली. "आता या पोराचं काय?"

"आता न धुता खाय. अजून अंगावर पेते ना. जेवढं जाईन तेवढं जाईन." तो मुलगा पुढं चालायला लागला, थोडं ऐकायलाही लागला, पण शब्द त्याला नीट कधी फुटले नाहीत. सोजराबाई त्याच्या घरावरून जाताना प्रत्येक वेळी थांबायची.

त्यानंतर तिनं मीठ आधी स्वतः धुऊन, उन्हात वाळवून, उखळात कुटून, मगच त्यात दवा घालायला सुरुवात केली. बारीक, पांढरंशुभ्र मीठ. ते धुवायचं कुणाला सुचणारच नाही. आमच्या अंगणात उन्हाळाभर मिठाच्या चादरी पसरलेल्या असत आणि कोकिळा त्यांच्यात बसून खडे वेचत असे. ती आता बारा-तेरा वर्षांची होती. दवामिठानं तिच्यात खरंच फरक पडला होता. आपण होऊन ओढ्यावर जायची, कुणी बोलावल्याची खूण केली तर उठून यायची, माझ्याशी खेळायची. माझी पहिली खेळगडी म्हणजे कोकिळाच.

वामनराव चाळीस साली बदलून गेले. जाताना दोन बाटल्या देऊन गेले. तोवर लढाई पेटलेली होती. बाटल्या संपल्या तेव्हा नवीन डॉक्टर म्हणाले, ती पूड विलायतेहून यायची, आता जहाजं येत नाहीत. सोजराबाई नांदुऱ्याच्या दवाच्या दुकानांत गेली, खामगावला गेली. एका दुकानात बोटाएवढी एक बाटली मिळाली. तिनं घरी येऊन हिशेब केला. सगळ्यांना द्यायचं म्हटलं तर चार महिने. फक्त पोटुशा आणि पाजणाऱ्या बायांना द्यायचं तर दोन वर्षं, कदाचित तीन.

तिनं स्वतःचं बंद केलं. आणि कोकिळेचं बंद केलं.

मी तेव्हा पाच वर्षांची होते, त्यामुळे यातलं मला थोडं आठवतं. कोकिळा हळूहळू मंदावत गेली. चैत्राच्या उन्हातही घोंगडी पांघरून बसायची. खेळायला ओढलं तर उठायची नाही. सूप मांडीवर तसंच पडून राहायचं.

माझा धाकटा भाऊ तेव्हा आईच्या अंगावर पीत होता, म्हणून आईच्या वाटची छोटी बरणी घरात होती. एका दुपारी सोजराबाई शेतातून लवकर आली. आजी त्या बरणीतलं चिमूटभर मीठ कोकिळेच्या वरणात टाकत होती.

"आत्याबाई, ते मंजुळेचं हाये."

"मले मालूम हाये. तिनंच देल्लं."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "जाऊबाई, कोकिळा अशी आंगनात बसलेली पाहून मले घास उतरत नाई. माह्यातलं अर्धं तिले जाऊ द्या."

सोजराबाई उंबऱ्यात उभी राहिली. मग आत आली, बरणी उचलली, झाकण लावलं. "लेकरू पेतं तवर नाई," ती म्हणाली. "पुष्पाच्या पोराचंही बंदच हाये, तुया मनाले वाटते तसं तिच्याही मनाले वाटलं असतं. मी तिच्या घरी जाऊन काय तोंड दाखू?"

"तुमची पोटची पोरगी हाये," आई म्हणाली.

"म्हनूनच."

 आजीनं ते वरण कोकिळेला भरवलं, कारण टाकलेलं मीठ काही परत काढता येत नव्हतं. सोजराबाई बाहेर गेली आणि बैलांना पाणी दाखवत बराच वेळ गोठ्यात राहिली. आई म्हणायची, माझ्या हातात असतं तर मी दिलं असतं, आणि मला वाटतं ते चुकीचं झालं असतं. मग लगेच म्हणायची, पण मला खात्री नाही.

भाऊ अंगावरचा सुटला त्याच दिवशी आईनं बरणी कोकिळेसमोर ठेवली. तोपर्यंत सव्वा वर्ष गेलं होतं. सोजराबाई बरणी घेऊन शेजारच्या गावी गेली, तिथं एक बाई नुकतीच बाळंत झाली होती.

शेहेचाळीस साली पूड पुन्हा मिळू लागली. कोकिळेलाही मिळू लागली. ती थोडी सावरली, पण ओढ्यावर एकटी जाणारी, खुणेनं हाक मारली की उठणारी कोकिळा पुन्हा तशी झाली नाही. मात्र कुटलेलं दवामीठ सुरू झाल्यापासून आमच्या गावात दवामीठ नियमानं खाणाऱ्या घरात एकही 'गरीब' लेकरू जन्मलं नाही. अठ्ठेचाळीस साली गावात शाळा निघाली तेव्हा पहिल्या वर्गात बावीस पोरं होती. मास्तर हजेरी घ्यायचे आणि बावीसही पोरं आपापल्या नावाला 'हजर' म्हणायची. सोजराबाई शाळेवरून गाडी नेताना हजेरीच्या वेळी बैल थांबवायची आणि नावं संपली की पुढं हाकायची.

पन्नास सालच्या हिवाळ्यात ती तापानं गेली. आजारपणात तिनं आईला दवामीठ करायची रीत पाठ करायला लावली. किती पाणी, किती पूड, किती मीठ, कुठं वाळवायचं. आईकडून एक चूक झाली की पहिल्यापासून म्हणायला लावायची. कोकिळेबद्दल मात्र ती काही बोलली नाही. शेवटी आईनंच विचारलं, "कोकिळेचं काय करू?"

"तुले सांगाच लागीन का?" ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात आईनं गाडी जुंपली. बाप म्हणाला, मी जातो नांदुऱ्याला. आई म्हणाली, "तुमाले मिठाचं काई समजत नाई." कोकिळेला तिनं पोत्यांवर बसवलं, तिच्या भोवती घोंगडी नीट खोचली आणि कासरा हातात घेतला.